कांदा चाळीच्या सेन्सरचा पिच ३० सेकंदांत कसा बसवू?

सातपूरकर:
मंडळी जरा मदत हवीय. मी आणि मित्राने कांदा चाळीत लावायचा सेन्सर बनवलाय, आत दमटपणा वाढला किंवा सडक्या कांद्याचा गॅस जाणवला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. पुढच्या आठवड्यात अंबडला स्टार्टअपवाल्यांची मीट आहे, प्रत्येकाला पिचसाठी, म्हणजे आपलं काम थोडक्यात सांगायला, ३० सेकंद देणारेत. माझा ड्राफ्ट, "आम्ही आयओटी आणि एआयच्या मदतीने कृषी साठवणुकीसाठी स्मार्ट सोल्युशन देतो." बायको म्हणाली, म्हणजे नेमकं विकता काय? 😅

गंगापूररोडवाला:
वहिनींनी बरोबर पकडलं. यातलं "कृषी" काढून "औषध" टाकलं तरी वाक्य तसंच चालतंय की. नुकसानापासून सुरू कर ना, म्हणजे "एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा भाव येईपर्यंत ठेवायचा, पण पावसाळ्यात आतून सड लागते आणि वास सुटेपर्यंत कळतच नाही. आमचा सेन्सर त्याआधी मोबाईलवर सांगतो, खराब माल वेळेत निवडला की बाकीचा वाचतो." मग ट्रायल कुठे चालूय ते, आणि शेवटी तुला काय हवंय ते. घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघ, घाई न करता ६०-७० शब्दच बसतात. एआय कोणी विचारलं तर सांग.

इंदिरानगर_७७:
पण समोर पैसे लावणारा असेल तर त्याला कांद्याच्या सडीपेक्षा कमाई कशी होणार ते ऐकायचं असतं, सेन्सर विकणार की दर हंगामाला भाडं घेणार? एवढं एक वाक्य घालच. आणि मागणी एकच ठेव, पैसे पण द्या, ओळखी पण द्या, मेंटॉर पण द्या असं केलंस तर कोणीच काही देत नाही.

निफाडचा_शेतकरी:
भाऊ पिच राहू द्या, २५ टनाच्या चाळीत एका टोकाला डबी लावून मधल्या ढिगातली सड कशी कळणार? आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही.

सातपूरकर:
दादा प्रत्येक कप्प्यात एक लागतो, बॅटरीवर चालतो. किंमत अजून ठरतेय.

निफाडचा_शेतकरी:
मग ती ठरवूनच जा, पहिला प्रश्न तोच येणार. आणि ते कप्प्याचं नि बॅटरीचं आत्ता बोललात ना, ते पिचमध्ये टाका.