पायथन असिंक-आयओ: डिस्कवर लिहिताना आलेलं एक्सेप्शन (चुकीची सूचना) गेलं कुठे? रात्रपाळीची मोजणी बुडाली

मागवाला_सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी मोजणीचा प्रोग्राम लिहिलाय. २४ यंत्रमाग, प्रत्येकावर पिक-काउंटर. ताण्यातून बाण्याचा एक फेरा गेला की एक पिक. दर मिनिटाला प्रत्येक मागाचा आकडा येतो. तो मी असिंक-आयओच्या (एकाच वेळी अनेक कामं चालू ठेवणारी पायथनची लायब्ररी) क्रिएट-टास्कने, म्हणजे बाजूला चालणारं वेगळं काम (टास्क) बनवून, फाइलमध्ये लिहायला सोडतो आणि न थांबता पुढे जातो. टास्क मध्येच गायब होऊ नयेत म्हणून ते सगळे एका लिस्टमध्ये ठेवलेत.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात रात्री २ वाजून ४० मिनिटांनी डिस्क भरली. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर जातं, हे मी विचारलंच नव्हतं. प्रोग्राम चालूच राहिला. स्क्रीनवर सकाळी ७ पर्यंत हिरव्या अक्षरांत ‘जतन झाले’ येत होतं. ७ ला पाळी बदलली, काउंटर शून्यावर आले आणि चार तासांहून जास्त उत्पादन कुठेच उरलं नाही.

इथे मजुरी पिकांवर ठरते. गड्ड्याची जत्रा तोंडावर, आठवड्याचा पगार व्हायचा, आणि रात्रपाळीची माणसं माझ्यासमोर उभी. जॉबरने (मागांवरच्या मुकादमाने) घडीच्या टेबलावरचे टॉवेल मोजून अंदाजे वाटणी केली. ती प्रत्येकाला न्यायाची झाली असेल असं मला वाटत नाही. त्या दिवसापासून झोप नीट नाही.

लॉगमध्ये एक ओळही नाही. एक्सेप्शन गेलं कुठे? आणि ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडणारा कोड) घालून जमेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत राहिलं तर चालेल का?

सातरस्ता

तुमची ती लिस्टच कारण आहे. अवेट न केलेल्या (ज्याच्या निकालाची वाट पाहिलीच नाही अशा) टास्कमधलं एक्सेप्शन त्या टास्कच्याच पोटात राहतं. टास्क मेमरीतून पुसला जातो तेव्हा कुठे पायथन तक्रार छापतो. तुम्ही लिस्टमधून काढलाच नाही, म्हणून तो पुसला गेला नाही, म्हणून लॉग कोरा. संदर्भ धरून ठेवणं बरोबर आहे, पण टास्क संपला की कॉलबॅकमध्ये (तेव्हा आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एक्सेप्शन तपासून तो बाहेर काढायला हवा. पायथन ३.११ पासून टास्कग्रुप (सगळे टास्क संपेपर्यंत थांबणारा गट) आहे, त्यात चूक अशी दडत नाही.

बाळीवेस_लिनक्स

दादा, एक्सेप्शन पकडाल, पण त्याआधी एक विचारतो. काउंटर शून्य करायचा आदेश तुमचा प्रोग्राम केव्हा पाठवतो? ७ वाजले की लगेच ना? मग आकडा डिस्कवर पोचला की नाही हे कळायच्या आतच मूळ आकडा तुम्ही स्वतः पुसताय. खरा घाव तिथे आहे.

राइट यशस्वी झालं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही. आधी पायथनचा बफर (मेमरीतली तात्पुरती जागा), फ्लश (बफर पुढे ढकलणं) केल्यावर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची पेज कॅश, तीही मेमरीतच, आणि एफसिंक (डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचा आदेश) केल्यावर डिस्क. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या कॅशमधली बदललेली पानं सुमारे ३० सेकंद तशीच ठेवू शकतो. एमआयडीसीत लाइट जायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

लिहिणारा एकच ठेवा. सगळे आकडे एका क्यूत (रांगेत) टाका, आणि क्यूला मर्यादा घाला, नाहीतर डिस्क अडली की मेमरी फुगेल. प्रत्येक आकड्यासोबत एक फ्यूचर (निकाल नंतर भरायची पावती) द्या. लिहिणारा सेकंदभराचे आकडे गोळा करतो, टू-थ्रेडमध्ये (वेगळ्या थ्रेडवर, बाकी काम न अडवता) लिहून फ्लश आणि एफसिंक करतो, मग सगळ्या फ्यूचरना एकदम निकाल देतो. चूक आली तर तीच चूक प्रत्येकाला. आकडे तुंबायची भीती मग उरत नाही, कारण २४ आकड्यांना मिळून एकच एफसिंक लागतो. हिरवी अक्षरं फ्यूचर यशस्वी झाल्यावरच दाखवा, काउंटरही त्यानंतरच शून्य करा.

पुन्हा प्रयत्नाचं म्हणाल तर आलेल्या चुकीला सिस्टिमने दिलेला नंबर बघा. २८ म्हणजे जागा संपली. जागा करून पुन्हा लिहिता येतं, पण आधी फाइल शेवटच्या पक्क्या लांबीपर्यंत छाटा. अर्धी ओळ पडलेली असू शकते, तिच्या शेपटाला नवी ओळ चिकटली की दोन्ही वाया. नंबर ५, म्हणजे डिस्कच बिघडली, हे वेगळं प्रकरण. तिथे एफसिंक एकदा फसला की दुसऱ्यांदा ‘ठीक’ म्हटलं तरी मानू नका. लिनक्स फसलेली पानं ‘स्वच्छ’ ठरवून मोकळा होऊ शकतो, मग दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरतच नाही. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना हे २०१८ मध्ये उमगलं. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून तो डेटाबेस एफसिंक फसला की स्वतःला पाडतो आणि आपल्या आगाऊ नोंदवहीतून पुन्हा उभा राहतो. तुम्ही मेमरीतले आकडे दुसऱ्या डिस्कवर नव्या फाइलमध्ये लिहा.

विणकर_वाडा

माझे वडील माग चालवायचे, म्हणून हे वाचून राहवलं नाही. तपासायला डिस्क भरायची गरज नाही. लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरखाली फुल नावाची फाइल असते. तिच्यात काहीही लिहा, दरवेळी २८ नंबरची चूक मिळते. पायथनमध्ये ती राइटला नाही, फ्लशला येते, हे तिथेच दिसेल. फक्त राइटभोवती ट्राय घातला असेल तर हातातून निसटते. छाटणी तपासायला मात्र १ एमबीचा टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट करा.

मागवाला_सोलापूर

क्यू आणि फ्यूचर घातले. काउंटर शून्य करण्याबद्दल बाळीवेस म्हणाले ते वाचून हात थांबले होते, कारण ती ओळ मीच सगळ्यात आधी लिहिली होती.

काल रात्रपाळीला २ माग छोट्या टीएमपीएफएसवर चालवले, जॉबरला न सांगता. पहाटे ते भरलं, स्क्रीन लाल झाली, आणि ७ ला पाळी बदलली तेव्हा त्या दोन मागांचे काउंटर शून्यावर आले नाहीत. जॉबरने फोन केला, “अण्णा, ५ आणि ११ अडकलेत, आकडे तसेच दिसतायत.” मी जागा मोकळी केली, फाइल छाटली, आकडे उतरले, मग काउंटर आपोआप शून्य झाले. तोवर दिवसपाळीची दोन माणसं सात मिनिटं खोळंबली होती. त्यांचे ते सात मिनिटांचे पिक मी मालकांना सांगून भरून दिलेत. कॅमेऱ्यांना उद्या वेगळी डिस्क बसतेय.