घरचा इन्व्हर्टर चालू, तरी वीज गेली की इंटरनेट बंद: उपाय सुचवावा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहून पुण्याच्या एका कंपनीसाठी विमा दाव्यांची कागदपत्रे तपासतो. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो, तो वडिलांच्या गुडघेदुखीमुळे आणि शेतीमुळे इथेच राहिलो. आता वरिष्ठांनी कळवले आहे की, कामाच्या वेळेत जोडणी अशीच तुटत राहिली, तर मला पुण्यात रुजू व्हावे लागेल.

दोष माझ्या घरात नाही, हे कळायलाच वर्ष गेले. घरी १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. राउटर १२ वॅट आणि लॅपटॉप फार तर ६५ वॅट घेतो, त्यामुळे कूलर त्यावर लावला नाही (मे महिन्यात आईला हे पटवणे सर्वांत अवघड) तर कामाचा दिवस सहज निघतो. फायबरच्या तारेला वीज लागत नाही. पण ती ज्या पेटीतून येते, ती केबलवाल्याची पेटी चौकातल्या किराणा दुकानात आहे आणि तिला बॅटरी नाही. वीज गेली की राउटरवर लाल दिवा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेव्हा सगळे गावच तुटून पडते आणि तासा-दीड तासाने टॉवरही मान टाकतो. रोहिणीच्या वादळात डीपी जळाली, तेव्हा तीन दिवस मी दारव्ह्याला मित्राच्या दुकानात बसून काम केले.

पेटीच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिले आहे, म्हणजे सहा तासांना साधारण १४४ वॅट-तास लागतील. दुकानदारकाका माझ्या खर्चाने बॅटरी ठेवू द्यायला तयार आहेत. पेटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरेल की स्वतंत्र इन्व्हर्टरच हवा? शिवाय ही तार तालुक्याच्या गावी जिथून निघते, तिथे विजेचा बॅकअप आहे की नाही, हे केबलवाला नीट सांगत नाही. ते आपल्याला कसे तपासता येईल?

दुसरा विचार असा, की नऊ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या टॉवरकडे तोंड करून गच्चीवर दिशादर्शी अँटेना आणि सिमचा राउटर बसवावा. मधे कडूनिंबाची दाट रांग आहे. इतक्या अंतरावर कोणी असे चालवले आहे काय? भूस्थिर उपग्रहाची जोडणी कृपया सुचवू नये. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामार्गे विनंती जाऊन उत्तर परत येण्यातच सुमारे अर्धा सेकंद जातो आणि मला दिवसभर पुण्याच्या संगणकावर दुरून काम करावे लागते.

पंधरा तारखेपर्यंत वरिष्ठांना लेखी कळवायचे आहे, तोवर अनुभवी मंडळींनी कृपया उत्तर द्यावे.