कम्युनिटी कॉलेजातून कृषी अर्थशास्त्र: विषय कोणते घ्यावेत?

प्रश्न
आम्ही कॅलिफोर्नियात मोडेस्टोजवळ राहतो. मुलीने यंदा हायस्कूल पूर्ण केले असून, दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक, कमी खर्चाच्या दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) शिकून पुढे यूसी डेव्हिसमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत, कृषी अर्थशास्त्रासाठी बदली घ्यावी, असा तिचा विचार आहे. गावाकडच्या मंडळींना वाटते की तिला कुठेच प्रवेश मिळाला नाही, ते असो. या दोन वर्षांत तिने कोणते विषय घ्यावेत?

उत्तर १
मी याच मार्गाने गेलो. राज्यातील रहिवाशांना कॉलेजात युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक) ४६ डॉलर शुल्क पडते, त्यामुळे खर्चाच्या दृष्टीने निर्णय योग्यच आहे. मात्र डेव्हिसच्या यादीत ‘कृषी अर्थशास्त्र’ शोधत बसू नका. तेथील कृषी व संसाधन अर्थशास्त्र विभागाची पदवी ‘मॅनेजेरिअल इकॉनॉमिक्स’ या नावाने मिळते. तिच्यासाठी सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि हिशेबशास्त्र यांची तयारी लागते. मी पहिले वर्ष आवडीच्या शेतीविषयक तासांत घालवले, कॅल्क्युलस मागे ठेवले आणि त्यापायी एक सत्र जास्त राहावे लागले. कॉलेजचा कोणता विषय विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर नोंदणीपूर्वीच पाहावे.

उत्तर २
हमी प्रवेशाचा, म्हणजे ‘टॅग’चा, अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो. बदलीसाठी ६० सत्र-युनिटे लागतात. डेव्हिसच्या तिमाही पद्धतीत ती ९० होतात, हे पाहून घाबरू नये.

उत्तर ३
गणिताबद्दल सहमत आहे, पण शेतीचा एखादा विषय जरूर ठेवावा. आमच्या बाईंनी बदामाच्या बागेच्या खर्चाचा डेव्हिसचा तक्ता वर्गात वाटला होता: रोपे, पाणी, मजुरी, व्याज असे रकाने भरलेले आणि पहिल्या दोन वर्षांच्या उत्पन्नाच्या जागी काहीच नाही. नाशिककडचा शेतकरी कांद्याचा भाव पडला तर पुढच्या हंगामात दुसरे पीक घेऊ शकतो. बदामवाला मात्र वीसेक वर्षांसाठी अडकतो, आणि त्याच्या मालाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक आपला भारत असल्याने भारतातले आयातशुल्क बदलले की त्याचा हिशेबही बदलतो. तो तक्ता समोर नसता तर पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलल्यावर पुरवठा किती बदलतो ते, मला नुसती व्याख्या म्हणूनच पाठ झाली असती.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कॅल्क्युलस पहिल्याच सत्रात घेण्यास ती कुरकुरत का होईना, तयार झाली आहे.