फ्रँकोनंतर रुंबा संपली म्हणणाऱ्यांसाठी

खुळखुळा
काल इथे एक पोस्ट आली की काँगोची रुंबा, म्हणजे तिथलं गिटारीवरचं नाचाचं संगीत, 1989 ला तिथला मोठा गिटारवाला आणि बँडवाला फ्रँको गेला तेव्हाच संपली, त्यानंतर जे चाललंय ती "नुसती आरडाओरड आणि कंबर हलवणं". खाली भराभर लाइक. डोकंच फिरलं, म्हणून नीट लिहितो.

ज्याला तुम्ही आरडाओरड म्हणताय तो सेबेन आहे, गाण्याचा शेवटचा वेगवान नाचाचा भाग, आणि तो काढला तर गाणं अर्धंच उरतं. आधी संथ भाग, गायक एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळत जातात, मग एका क्षणी गायन थांबतं आणि गिटारी सुटतात. ऱ्हिदम गिटार एकच छोटा तुकडा घोळवत बसते, मी-सोलो नावाची मधली गिटार त्याच्या फटी भरते, आणि वर सोलो गिटार बारीक तारांवर नुसती झरत राहते. सोलोवाल्याने तुकडा बदलला की अटालाकू, म्हणजे आरोळ्या देऊन नाचवणारा, नवी हाळी देतो आणि सगळा फ्लोअर एकदम स्टेप बदलतो. अटालाकूच्या हातातला खुळखुळा बघा कधी, कीटकनाशक स्प्रेच्या रिकाम्या डब्याचा असतो! किन्शासातल्या पोरांनी हाताला लागेल त्यातून वाद्य उभं केलं, आणि आपण इथे बसून त्याला गोंगाट म्हणायचं?

आणि "शुद्ध रुंबा" म्हणजे नक्की काय हो? ती सुरूच झाली जीव्ही सिरीजच्या क्यूबन रेकॉर्ड्स ऐकून, तिथले पियानोचे तुकडे गिटारवर बसवून. झाइको लांगा लांगा या बँडच्या पोरांनी सॅक्सोफोन-ट्रंपेट बाजूला ठेवून गिटार आणि ड्रमवर सगळा भार टाकला तो 1969 पासून, म्हणजे फ्रँको गेला त्याच्या 20 वर्षं आधी. 2021 ला युनेस्कोने रुंबाला वारसा यादीत घेतलं ते ती अजून नाचली जाते म्हणून.

जुनी_तबकडी
ती पोस्ट माझी आहे आणि मी शब्द मागे घेत नाही. गायक टाबू ले 1970 ला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायला तो आवाजाच्या जोरावर, डब्याच्या खुळखुळ्यावर नाही. डॉक्टर निकोची गिटार ऐका, दोन सुरांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. 80 च्या दशकात कांदा बोंगो मानने पॅरिसमध्ये संथ भाग जवळपास काढूनच टाकला, थेट सेबेन, कारण युरोपातल्या डिस्कोत लोकांना धीर नव्हता. भाताशिवाय नुसता रस्सा वाढल्यासारखं ते. आणि आता तर सेबेनमध्ये गाणंही नसतं, पैसे दिलेल्या लोकांच्या नावांची यादी असते. अमका शेठ, तमका मंत्री. याला कला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

गोमा_रिटर्न
मी लष्करात होतो, युएनच्या ड्यूटीवर पूर्व काँगोतल्या गोम्याला. तिकडे लोक स्वाहिली बोलतात, गाणी लिंगालात, तरी सगळ्यांना तोंडपाठ. एका लग्नात बँड वाजत होता आणि ऐन सेबेनमध्ये लाइट गेली. गिटारी, माइक सगळं बंद. पण ड्रमवाला आणि खुळखुळेवाला थांबलेच नाहीत आणि लोक अंधारात तसेच नाचत राहिले, जनरेटर सुरू झाला तेव्हा गिटारवाला बरोब्बर त्याच ठेक्यात परत शिरला. आजूबाजूला युद्ध चालू असलेल्या गावात हे पाहिलंय साहेब. संपलेलं संगीत असं नसतं.

मटाडी_रोड
@जुनी_तबकडी माबांगावर, म्हणजे पैसे घेऊन गाण्यात नावं घेण्यावर, बोलताय म्हणून लिहितो, मी किन्शासात नोकरी करतो. इथे रेकॉर्ड विकून कुणाचं पोट भरत नाही, पायरसीने धंदा कधीच खाल्लाय, रॉयल्टीचं तर नावच नको. गायकाने पंधरा-वीस माणसांचा बँड पोसायचा कसा? आमच्या शेठनेच पैसे मोजून स्वतःचं नाव एका गाण्यात घातलं, आणि त्या पैशातून बँडच्या पोरांचे पगार झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. पुण्यात बसून नाक मुरडणं सोपं आहे. आणि नावं घेणं नवीन आहे का? 1960 ला ब्रसेल्समध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालली होती तेव्हा गायक ग्रँड काल्लेने केलेल्या गाण्यात पुढाऱ्यांची नावं एकामागोमाग एक आहेतच की.

जुनी_तबकडी
ती नावं विकत घेतलेली नव्हती! अख्खा देश जन्माला येत होता तेव्हा. तुमच्या शेठशी त्याची बरोबरी करताय?

खुळखुळा
आणि तुमच्या फ्रँकोने 1984 ला हुकूमशहा मोबुटूच्या प्रचारासाठी गाणं केलं ते कशात बसतं? मोबुटूच्याच राजवटीत रेकॉर्ड छापायचा कारखाना त्याच्या हाती आला. तो चालतो, आणि आजच्या पोराने एका व्यापाऱ्याचं नाव घेतलं की बाटला?

जुनी_तबकडी
त्याच राजवटीने 1978 ला त्याला अश्लील गाण्यांसाठी तुरुंगात टाकलं हे सोयीस्कर विसरलात. अर्धवट माहितीवर उड्या मारू नका. सत्तेची नावं घेण्याची किंमत काय असते ते बाहेर राहणाऱ्या काँगोलीजना विचारा, ते चिडून कितीतरी वर्षं युरोपात या गायकांचे कार्यक्रम होऊ देत नव्हते. फेब्रुवारी 2020 ला गायक फाली इपुपाच्या पॅरिसमधल्या कार्यक्रमाच्या वेळी बाहेर जाळपोळ झाली. तिथल्या माणसाला हा प्रश्न जिव्हारी लागतो, माझ्या नाक मुरडण्याचं सोडा.

मटाडी_रोड
कार्यक्रम झाला ना पण? हॉल भरलेला होता. जाळणारे काँगोलीज तसे आत नाचणारेही काँगोलीजच.

सावनी_के
एवढी नावं घेतलीत सगळ्यांनी, त्यात एक बाई नाही. म्बिलिया बेल टाबू लेच्या बँडमध्ये आली आणि 80 चं दशक गाजवलं. आबेती मासिकिनी 1973 ला ऑलिंपियात गायली. तुमच्या दोघांच्याही इतिहासात बायका फक्त व्हिडिओत नाचायला! "कंबर हलवणं" हा शब्द वापरताना ती कंबर कोणाची आणि कॅमेरा कोणाच्या हातात, हेही लिहा कधीतरी.

नैरोबीची_काकू
ताई बरोबर बोललात. आता मूळ भांडणाबद्दल. मी नैरोबीत वाढले, सुपर माझेंबे, ओर्केस्त्रा विरुंगा ही सगळी काँगोची मंडळी आमच्याकडे येऊन स्थिरावली होती. छोट्या 45 च्या तबकड्यांवर लांब गाणं मावायचं नाही, मग संथ भाग एका बाजूला, सेबेन दुसऱ्या बाजूला. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या पार्टीत पहिली बाजू कोणी लावतच नव्हतं, थेट उलटी! तबकडीची ती बाजू घासून पांढरी पडलेली असायची. तेव्हा फ्रँको चांगला धडधाकट होता, नि कांदा बोंगो मानचं नाव आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. पॅरिसला कशाला दोष देताय, नाचणाऱ्यांना तेच हवं होतं.

जुनी_तबकडी
काकू, दोन बाजूंचा मुद्दा मानतो, त्या तबकड्या माझ्याकडेही आहेत. पण पहिली बाजू निदान छापली तरी जायची, ज्याला हवी तो ऐकू शकायचा. आता ती रेकॉर्डच होत नाही हे माझं दुखणं आहे.

खुळखुळा
होते की! फेरे गोला काय गातो मग? संथ, लांब, गळ्याने गायलेली रुंबा. ऐकलाय का तुम्ही?

जुनी_तबकडी
फेरे गोला ऐकलाय. गळा आहे, नाकारत नाही. पण त्याच्याही गाण्यात माबांगा आहेच, आणि त्यावर मी एक इंच हलणार नाही.

मटाडी_रोड
नका हलू. पगाराचं काय ते तेवढं सांगा.