गो, पायथन आणि ब्राउझर: एकाच प्रोटो फाइलमध्ये टाइप कसे ठरवावे?

संत्रा_हिशेब (नागपूर):
भाऊ, कळमन्यातल्या एका अडत्यासाठी संत्र्याच्या लिलावाचा हिशेब बांधतो आहे. सौदा नोंदवणारी सेवा गोमध्ये, अडत-हमालीचं गणित पायथनमध्ये. या दोघांत जीआरपीसी, म्हणजे एका सेवेने दुसरीला नेटवर्कवरून कॉल करायची पद्धत; निरोपातली फील्डं आणि त्यांचे टाइप प्रोटो फाइलमध्ये लिहायचे. कारकुनाचा ब्राउझर गेटवेमार्फत (मधला दुभाषा) जेसन, म्हणजे साध्या मजकुरातला डेटा, बोलतो. आत्ता मसुद्यात वजन आणि रक्कम डबल (दशांशाचा, पण अंदाजे धरलेला आकडा), पावती क्रमांक इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक), आणि बहार एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी, प्रत्येकाला एक आकडा): आंबिया ०, मृग १. यातलं काय बदलू?

प्रतापनगरवाला:
आधी एनम बदला. प्रोटो३ मध्ये (प्रोटो फाइलची ही आवृत्ती) भरलेलं नसलेलं फील्ड वाचलं की ० मिळतो. म्हणजे कारकुनाने बहार निवडलाच नाही तरी पायथनला आंबियाच दिसणार, आणि मृगाचा माल चुपचाप आंबियात जमा होणार. ० ला ‘अज्ञात’ ठेवा, आंबिया १, मृग २.

वजनाचंही तेच. माल काट्यावर चढलाच नाही आणि वजन शून्य भरलं, हा फरक साध्या फील्डमध्ये उरत नाही. तिथे ‘ऑप्शनल’ लिहा, म्हणजे फील्ड भरलं होतं की नाही ते कळतं; प्रोटोबफ (प्रोटो फाइलमागचं साधन) ३.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, ते सरळ चालतं. शेतकऱ्याच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) प्रश्न आहे, इथे आळस नको.

रक्कम पैशांत, वजन ग्रॅममध्ये, दोन्ही इंट६४. एकक फील्डच्या नावातच लिहा.

पावती क्रमांक मात्र स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) करा. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका धरतो. याच आकड्याच्या शेवटी ९९१ ऐवजी ९९३ असेल तर तिथे त्याचा ९९२ होतो, एरर येत नाही. प्रोटोबफचं जेसन इंट६४ ला अवतरणचिन्हांत पाठवतं ते याचसाठी, पण पुढे कोणी त्याचा नंबर केला की झालं. क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायचीच नाही, मग आकडा कशाला?

वर्ध्याची_ताई:
काढलेल्या फील्डचा नंबर ‘रिझर्व्ह्ड’ (पुन्हा वापरायला बंद) करून ठेव, दादा. वायरवर, म्हणजे सेवांमधल्या निरोपात, फील्डचं नाव जात नाही, नंबर जातो. जुना नंबर नव्या फील्डला दिला तर जुना क्लायंट हमालीला तोलाई समजेल.

आणि प्रत्येक कॉलला डेडलाइन (उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मुदत) लाव, जीआरपीसी स्वतःहून लावत नाही. ती उलटली म्हणजे सौदा नोंदला गेला नाही असं मात्र नाही; नोंद होऊन नुसतं उत्तरच हरवलेलं असू शकतं. कॉल पुन्हा पाठवला तर दोन पट्ट्या निघतील. विनंतीत सौद्याचा स्वतंत्र आयडी हवाच.

संत्रा_हिशेब (नागपूर):
ताई, तो आयडी गो सेवेने बनवला तर चालेल?

वर्ध्याची_ताई:
नाही. प्रत्येक विनंतीला ती नवाच देईल. कारकुनाने फॉर्म उघडला की ब्राउझरनेच बनवायचा, पुन्हा पाठवताना तोच जाऊ दे, आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा न घेण्याची अट.