कामावर दादाची दोन बोटं गेली, शेठ स्टॅम्पपेपरवर सही मागताहेत. काय करावं?

बंदरकाठ:
नमस्कार. आम्ही हर्णै बंदराजवळचे. माझा मोठा भाऊ, वय ३५, सहा वर्षं एका बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. बोटी सुटायच्या आधी लाद्या क्रशरमध्ये फोडायच्या आणि बर्फ टेम्पोत भरून द्यायचा, हे त्याचं काम. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेचारला लादी तोंडाशीच अडकली. ती आत ढकलताना उजवा हात ओढला गेला. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही बोटं मुळापासून गेली.

क्रशरच्या तोंडावरची जाळी गणपतीच्या आधीच मोडली होती. दादाने दोनदा सांगितलं. मुकादम म्हणाला, सीझन चालू आहे, मागाहून बघू.

शेठच्या माणसाने लगेच गाडी काढून दवाखान्यात नेलं आणि ६२ हजारांचं बिल शेठनीच भरलं, हे मी नाकारत नाही. पण त्याच माणसाने केसपेपरवर “घरी लाकडं फोडताना इजा” असं लिहून घेतलं. दादा वेदनेने तळमळत होता, त्याला कोणी विचारलंच नाही. वहिनीने घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचलं तेव्हा कळलं.

आता शेठ म्हणतात, ४० हजार देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर “यापुढे माझी काही मागणी नाही” असं लिहून द्या. वर असंही म्हणतात की तू ठेकेदाराचा माणूस, माझा नाहीसच, आणि चूक तुझीच होती. पगार महिन्याला १४ हजार पडायचा, पण दर शनिवारी रोख. पावती नाही, पीएफ नाही, ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही.

आई म्हणते, याच गावात राहायचं आहे, शेठशी वाकडं घेऊन जाणार कुठे. दादा काहीच बोलत नाही. डाव्या हाताने भात कालवायला शिकतोय. माशाचा काटा काढायला सात वर्षांच्या मुलीला हाक मारतो, ते मला बघवत नाही.

सही करावी का? आणि केसपेपरवर खोटं लिहिलं गेलंय, त्याचं आता काय होणार?

पोफळी:
ताई, सही नको. एवढंच आधी सांगते. आज कोणी घरी कागद घेऊन आलं तरी “वकिलांना दाखवून सांगतो” म्हणा, दुसरं काही बोलू नका.

जांभाचिरा:
मी कामगार खटल्यांची कामं करणाऱ्या वकिलांकडे बारा वर्षं लिखापढीचं काम केलं आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

ईएसआयची कपात नाही, म्हणजे तुम्हाला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागतो. त्याच्या पहिल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के घटली, ते ठरवून दिलंय. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. आता हिशेब पाहा. १४,००० चे ६० टक्के ८,४००. वय ३५ साठी कायद्याच्या तक्त्यातला गुणक १९७.०६. गुणाकार १६,५५,३०४. त्याचे २० टक्के म्हणजे ३ लाख ३१ हजारांच्या आसपास. शेठ ४० हजार देतोय ते याच्यासमोर ठेवून बघा. शिवाय बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के वेगळे. ते दिले असतील तर एकरकमेतून वजा होतात. दवाखान्याचं बिल मात्र वजा होत नाही, उपचाराचा खर्च मालकाचाच. “६२ हजार आधीच दिलेत” असं म्हणाले तर हे ठामपणे सांगा.

ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या धंद्याचं काम चाललंय त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. “चूक तुझीच” हे म्हणणंही पुरेसं नाही. नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून हक्क जात नाही. दारू पिऊन काम केलं, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचं संरक्षण स्वतः मुद्दाम काढलं, यांतलं काही मालकाने सिद्ध केलं तरच अडचण. म्हणून मोडक्या जाळीचा फोटो आजच्या आज मिळवा. उद्या नवी जाळी बसेल आणि दादाने जुनी काढली होती असं म्हणतील.

आणि तो स्टॅम्पपेपर. हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दच ठरतो. एकरकमी तडजोड करायची तर ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. पण सही झाली की माणूस मनातून हरतो, मी हे खूप वेळा पाहिलंय. म्हणून करूच नका.

खाडीपलीकडे:
मी थोडं वेगळं सांगतो. माझ्या मेहुण्याचा लोट्याच्या एमआयडीसीत असाच अपघात झाला. केस चार वर्षं चालली, तारखांना जायचं म्हणजे खाडा आणि एसटीचं भाडं. मालक लाख-दीड लाखावर येत असेल तर विचार करा. तत्त्वाने पोट भरत नाही.

जांभाचिरा:
वेळ लागतो, खरं आहे. पण तडजोड करायचीच तर आयुक्तांसमोर करा. एक महिन्यात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हे मालकाला पाठवायच्या नोटिशीत लिहिलं की बोलण्याचा सूर बदलतो.

परिचारिका_कोकण:
केसपेपरबद्दल मी सांगते, वीस वर्षं सर्जरी वॉर्डात आहे. दादा उजव्या हाताने काम करणारा ना? मग लाकडं फोडताना कुऱ्हाड उजव्या हातात असणार, आणि लागलं तर डाव्या हाताला लागणार. उजव्याच हाताची बोटं कशी जातील? शिवाय कुऱ्हाडीची जखम सरळ कापलेली असते. क्रशरमध्ये हाड चुरतं, कातडी ओढली जाते. ऑपरेशन नोट्समध्ये आणि एक्सरेत ते दिसतंच. सगळ्या कागदांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा, अर्जावर पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याच अर्जात लिहा की माहिती रुग्णाने दिली नव्हती, सोबतच्या माणसाने दिली, त्याचं नावही लिहा.

बंदरकाठ:
ताई, तुमचं वाचून मी दादाला विचारलं. तो पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, “घरी लाकडं फोडतोच कोण, दोन वर्षं झाली गॅस घेऊन.” हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

दवाखान्याचं बिल शेठच्या मोबाईलवरून गूगल पेने भरलंय, त्याची पावती वहिनीकडे आहे. एक टेम्पोवाला साक्ष द्यायला तयार आहे, पण घाबरतोय.

जांभाचिरा:
ती पावती सोन्यासारखी जपा. घरी लागलं असेल तर शेठ बिल का भरेल? टेम्पोवाल्यावर आत्ता दबाव आणू नका, नाव फक्त वकिलांना सांगा. दापोली कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, कामगाराला तिथे फुकट वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो, पण नोटीस लवकर द्या.

बंदरकाठ (डिसेंबर):
उशीर झाला, माफ करा. विधी सेवेतून वकीलबाई मिळाल्या. नोटीस स्पीड पोस्टने गेली, पोच आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली म्हणून मी घाबरले होते. त्या म्हणाल्या, अपघात आधीचा आहे, हक्क त्या दिवशीच्या कायद्याने. ऑपरेशन नोट्सही मिळाल्या, त्यात “चिरडल्याची जखम” असं स्पष्ट लिहिलंय. शेठचा निरोप आलाय की बसून बोलू. आईसुद्धा म्हणाली, बोलायचं तर वकीलबाईंसमोरच. सोमवारी जाणार आहोत. दादा स्वतः येतोय.