मदत हवी आहे: परिसंवादात माईक न सोडणाऱ्या वक्त्यांना मान राखून कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयातर्फे दरवर्षी एक दिवसाचं ग्रामीण साहित्य संमेलन होतं. सांगली जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. औदुंबरचं संक्रांतीचं संमेलन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, आमचं त्यामानाने लहान आहे. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण, जेवणानंतर परिसंवाद, पुढे कथाकथन आणि रात्री कविसंमेलन. यंदा परिसंवादाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं आहे. विषय 'बदलतं गाव आणि आजचं लेखन'. पत्रिकेत वेळ दोन ते साडेतीन अशी छापली आहे.

आमच्याकडे परिसंवाद म्हणजे ओळीने चार भाषणं आणि वर अध्यक्षांचा समारोप. वक्ते एकमेकांशी बोलतच नाहीत. पहिला वक्ता निम्मा वेळ घेतो, शेवटच्याला 'दोन मिनिटांत आटपा' असं सांगावं लागतं. हे बदलावं म्हणून मी समितीकडे आग्रह धरला: पोडियम नको, खुर्च्या अर्धगोलात मांडू आणि चौघांना आपसात बोलतं करू. समितीने मान्य केलं. नावं पक्की झाल्यापासून मात्र मला काळजी लागली आहे.

पहिले एक ज्येष्ठ कादंबरीकार. पंचक्रोशीत त्यांना फार मान आहे, माझ्या मनातही आहे. पण एकदा आठवणींत शिरले की अर्धा-पाऊण तास थांबत नाहीत. दुसरे समीक्षक, निवृत्त प्राध्यापक. ते लिहून आणलेला निबंध वाचतात. तिसरे एक कवी, चळवळीतले. त्यांचं आणि या समीक्षकांचं फेसबुकवर जाहीर भांडण झालेलं आहे. चौथी एक तरुण कथाकार, पहिलाच संग्रह आला आहे. मी तो वाचला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलींवर इतकं नेमकं लिहिलेलं मी अलीकडे वाचलं नव्हतं. तिला मंचाची सवय नाही, आवाजही बारीक आहे.

समोर बसणारी माणसं ऐन द्राक्षाच्या हंगामात बागेची कामं टाकून येतात. त्यांच्या पदरात काहीतरी पडावं आणि या मुलीचं म्हणणं पूर्ण ऐकलं जावं, एवढीच माझी इच्छा आहे. कुणाचाही अपमान करायचा नाही. ज्येष्ठ माणसाला चारचौघांत थांबवायचं कसं? भांडण पेटलं तर काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

— वाचनवेडी


माळरान

ताई, परिसंवादाचं निम्मं काम मंचावर चढण्याआधी फोनवर होतं. चौघांनाही स्वतः फोन करा, समितीच्या माणसाकडून निरोप नको. प्रत्येकाला एकच विचारा: 'या विषयावर तुम्हाला काय सांगितल्याशिवाय जायचं नाही?' जे उत्तर येईल ते लिहून ठेवा आणि तो मुद्दा बोलायची संधी त्यांना नक्की द्या. माईक न सोडणाऱ्या बऱ्याच वक्त्यांना धास्ती असते की आपलं राहूनच जाईल. तुमचा मुद्दा येणार आहे असा शब्द दिला की बरेच जण निवांत होतात.

कादंबरीकार सरांची परवानगी आधीच घ्या. 'सर, वेळ थोडा आणि माणसं चार. मी मध्ये तुमचा शब्द उचलून दुसऱ्यांकडे नेला तर चालेल ना?' असं विचारलं तर नाही कुणी म्हणत नाही. मग मंचावर तुम्ही थांबवलंत तरी ते त्यांच्या संमतीने झालेलं असतं.

प्रत्यक्ष थांबवताना 'वेळ संपली' हे शब्द वापरू नका. सर श्वास घेतील तिथे आधी त्यांना हाक मारा: 'सर!' मग त्यांचंच शेवटचं वाक्य पकडा. 'तुम्ही आत्ता मोटेवरच्या गाण्यांचं बोललात. ते गाणं ज्यांनी ऐकलंच नाही अशी पिढी इथे बसली आहे, तिचं काय म्हणणं आहे ते ऐकू या', आणि थेट नाव घेऊन पुढच्या वक्त्याकडे वळा. नाव घेणं महत्त्वाचं. नुसतं 'आता इतरांकडे जाऊ' म्हटलं तर ती फट पुन्हा तेच भरतात.

चिठ्ठी पाठवू नका. वक्ता ती वाचून दाखवतो, लोक हसतात, आणि भाषण चालूच राहतं. समोर पहिल्या रांगेत ओळखीच्या माणसाला घड्याळ घेऊन बसवा, पण त्याने खूण तुम्हाला करायची, वक्त्याला नाही.


ध्वनिवाला

मी मांडवात साउंड लावायचं काम करतो, म्हणून त्या बाजूचं लिहितो. कॉलर माईक घेऊ नका. तो लावला की माणूस कायम चालू राहतो. दोन हातातले माईक घ्या आणि तिसरा तुमचा, कायम तुमच्याच हातात. दोन माईक चौघांत फिरतात तेव्हा दुसऱ्याला द्यायची सवय आपोआप लागते.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. मांडवात कर्ण्यांची तोंडं लोकांकडे असतात, त्यामुळे मंचावर बसलेल्यांना एकमेकांचं नीट ऐकूच येत नाही, नुसता घुमणारा आवाज येतो. शेजारच्याने काय विचारलं ते कळत नाही म्हणून माणूस आपलंच पुढे चालू ठेवतो, आणि लोकांना वाटतं हा मुद्दाम थांबत नाही. मंचाकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवायला सांगा, त्याला मॉनिटर म्हणतात. आमच्यापैकी बहुतेकांकडे असतो, पण मागितल्याशिवाय कुणी लावत नाही.

आणि बोलणाऱ्याचा माईक बंद करायला ऑपरेटरला कधीच सांगू नका. सगळा मांडव त्या वक्त्याच्या बाजूने होतो.


जुनापाचोळा

मला हा सूरच पटत नाही. लोक त्या कादंबरीकारांनाच ऐकायला येणार आहेत. ज्यांनी आयुष्यभर लिहिलं त्यांना घड्याळ लावायचं आणि पहिल्या पुस्तकवालीला पुढे करायचं, हा कुठला न्याय? अर्धगोलातल्या गप्पा मोठ्या शहरांतल्या महोत्सवांत शोभतात. आपल्याकडे माणसाला भाषण ऐकायची आवड आहे, आणि ती वाईट नाही.


वाचनवेडी

जुनापाचोळा सर, तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. लोक त्यांना ऐकायला येतात हे खरंच आहे. म्हणून त्यांना सुरुवातीला सलग आठ-दहा मिनिटं द्यावीत, मध्ये कुणीही बोलू नये, आणि त्यांच्या बोलण्यातून बाकीचा परिसंवाद उलगडावा, असं मनात आहे.

पण सभेत कुणाचा आवाज ऐकला जातो, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन पुण्यात १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली झालं, आणि १८८५ साली अशाच सभेचं निमंत्रण नाकारताना जोतीराव फुल्यांनी पत्रातून हेच विचारलं होतं: ज्यांच्या ग्रंथांत आमच्या माणसांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेत आम्ही का यावं? ऊसतोडीच्या पालावरची मुलगी आमच्या मंचावर येते आहे. तिला शेवटची दोन मिनिटं देणं मला जमणार नाही.


सायली_ब

मी लिहिते आणि अशा खुर्च्यांवर बसलेली आहे, म्हणून त्या मुलीच्या बाजूने लिहिते. ताई, तिची ओळख 'नवोदित' म्हणून करू नका. बाकीच्यांच्या पुस्तकांची नावं घेता तशी तिच्या संग्रहाचं नाव घ्या आणि एका कथेतली दोन वाक्यं वाचून दाखवा. त्या वाचनाने लोक तिच्याकडे वळतील. पुरस्कारांची यादी वाचून वळत नाहीत.

'स्त्री म्हणून लिहिताना काय अडचणी येतात' हा प्रश्न तिला विचारू नका. आम्हाला तो प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि शेजारच्या पुरुषाला मात्र शैलीबद्दल, भाषेबद्दल विचारतात. तिला तिच्या कारागिरीबद्दल विचारा. कथेत बोलीभाषा कुठे ठेवली, कुठे सोडली, पालावरच्या बायकांनी वाचून काय म्हटलं.

तिचा पहिला प्रश्न फोनवर तिला शब्दशः सांगून ठेवा. मंचाची सवय नसलेल्या माणसाचं पहिलं उत्तर नीट गेलं की आवाज सुटतो. आणि कुणी तिचं वाक्य तोडलं तर ते तिने सहन करायचं किंवा तिने भांडायचं असं होता कामा नये. ते तुमचं काम आहे. 'सर, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तुमच्याकडे येते.' आवाज न चढवता, पण लगेच. एकदा चालवून घेतलं की पुढचा तासभर तेच होत राहतं.


माळरान

सायलीताईंशी शंभर टक्के सहमत.

समीक्षक आणि कवी यांच्याबद्दल: दोघांना शेजारी बसवू नका, समोरासमोरही नको. दोन टोकांना बसवा, मध्ये बाकीचे. दोघांनाही स्वतंत्रपणे सांगा की फेसबुकवरचा विषय मी काढणार नाही आणि कुणी काढला तर पुढे जाऊ देणार नाही. तरी निघालाच, तर व्यक्तीवरून पुस्तकावर आणा: 'तुमचा आक्षेप नेमक्या कोणत्या कवितेवर आहे? ती ओळ सांगा.' ओळ सांगता आली तर चर्चा चांगली होते. नाही आली तर लोकांनाही कळतं. मतभेद मात्र दाबू नका. 'गावावर लिहिणारे गावात राहतात का' यावर त्या दोघांचं जुंपलं तर जुंपू द्या, विषयच तो आहे.

राजकारणाच्या बाबतीत जास्त जपा. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या अखिल भारतीय संमेलनात एका कार्यक्रमातल्या एका राजकीय विधानावरून केवढं वादळ उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी साहित्यावर कोण काय बोललं ते बातम्यांत शोधावं लागत होतं.

निबंध वाचणाऱ्या सरांना सांगा की तो निबंध स्मरणिकेत छापू, मंचावर त्यातला एकच मुद्दा बोला. छापला जाणार म्हटलं की कागद खिशात राहतो. हे सांगण्याआधी स्मरणिकेत जागा आहे ना, ते संपादकांकडून पक्कं करून घ्या.


तिठा

दीड तास पत्रिकेत आहे, हातात एक तासच मिळेल असं धरून चाला. सकाळचं उद्घाटन लांबतं, जेवणाची पंगत लांबते. सत्कार परिसंवादाच्या आधी ठेवू नका, सगळ्या वक्त्यांना शाल-पुस्तक सकाळीच देऊन टाका. परिचय प्रत्येकी दोन वाक्यं. तसं केलं नाही तर पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

आमच्याकडे चर्चा रंगात असताना आमदार आले, सगळा मंच उभा राहिला, सत्कार झाला, ते दोन शब्द बोलले आणि परिसंवाद तिथेच संपला. तेव्हापासून स्वागताध्यक्षांशी आधीच ठरवतो: पाहुणे मध्ये आले तर पहिल्या रांगेत बसतील, स्वागत सत्र संपल्यावर.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माईक समोर फिरवला की प्रश्नाऐवजी भाषण येतं. दोन कॉलेजची मुलं चिठ्ठ्या गोळा करतील, तुम्ही चांगले चार निवडा. पण ज्यांना लिहायचा संकोच आहे अशा म्हाताऱ्या माणसांजवळ एका मुलाला बसवा, तो लिहून घेईल. आमच्याकडचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न अशाच एका आजोबांनी सांगितलेला होता: 'तुमच्या पुस्तकातला शेतकरी कर्ज काढतो, पण फेडतो कसा ते कुणीच का लिहीत नाही?'


वाचनवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. कादंबरीकार सरांना फोन केला. ते म्हणाले, 'पोरी, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तू उजवीकडे बस आणि सरळ हाताला हात लाव, मी थांबतो.' ध्वनिवाला दादा, मॉनिटरची मागणी आजच कळवली. स्मरणिकेत समीक्षक सरांसाठी चार पानं मिळाली आहेत आणि ते आनंदाने तयार झाले. कथाकार मुलीशी बराच वेळ बोलले, तिचा पहिला प्रश्न आम्ही दोघींनी मिळून ठरवला.

कवी मात्र फोन उचलत नाहीत. समीक्षकांचं नाव पत्रिकेत पाहून नाराज आहेत असं कानावर आलं. ते आयत्या वेळी आले नाहीत तर काय करायचं?


माळरान

फोन नको, भेटायला जा. शक्य असेल तर त्यांचा संग्रह हातात घेऊन जा आणि ज्या कवितेवर बोलायचं आहे तिथे खूण घालून ठेवा. तरीही आले नाहीत तर नाव घेऊन 'ते येऊ शकले नाहीत' एवढंच सांगायचं, कारण सांगायचं नाही. त्यांची खुर्ची आधीच काढून घ्या, त्यांची ती खूण घातलेली कविता तुम्ही स्वतः वाचा आणि त्यावर पहिलं समीक्षक सरांना बोलायला सांगा. बदली वक्ता शोधत बसू नका. तिघांत एक तास उत्तम जातो.